गुरुवारी लाइट गेली की पीसी बूट होत नाही: बायोसच्या सेटिंग वारंवार उडण्यावर इलाज

पुण्यात देखभालीच्या कामासाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पद्धत जुनी आहे, त्यामुळे या तक्रारीलाही बहुतेक वेळा एक वार ठरलेला असतो. चार-पाच तासांनी लाइट येते, पीसीचं बटण दाबलं जातं आणि पुढे तीनपैकी एक काहीतरी होतं. काळ्या स्क्रीनवर बूट करण्याजोगी ड्राइव्ह सापडत नसल्याचा संदेश येतो. किंवा विंडोजचा लोगो येऊन निळी स्क्रीन येते आणि पीसी परत परत रिस्टार्ट होतो. किंवा पंखे फिरतात, कीबोर्डचा दिवा लागतो, पण मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणत बसतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानांत, जाऊन दोन सेटिंग बदलल्या की सगळं सुरळीत चालतं. पुढच्या मोठ्या लोडशेडिंगला किंवा दिवाळीत चार दिवस गावाला जाऊन आल्यावर पुन्हा तेच.

इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या सोडवायच्या आहेत. पहिली, सेटिंग का उडतात. दुसरी, उडाल्यावर मदरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’) त्याच्या मूळ डिफॉल्टवर जातो तेव्हा तुमचा पीसी त्या डिफॉल्टवर का चालत नाही. बहुतेक ठिकाणी फक्त पहिली सोडवतात, बोर्डावरचा बटणासारखा सेल बदलतात. खरं टिकाऊ काम दुसरं आहे, कारण सेल पुन्हा कधीतरी संपणारच.

आधी घड्याळ बघा

काहीही उघडण्याआधी, काहीही सेट करण्याआधी, बायोसमध्ये शिरा आणि पहिल्याच पानावरची तारीख-वेळ वाचा. असेंबल्ड पीसीवर चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं. एचपीच्या डेस्कटॉपवर एफ१०, डेलवर एफ२, लेनोव्होच्या डेस्कटॉपवर बहुधा एफ१. त्या एका ओळीतून निम्मं निदान होतं.

तारीख काही वर्षं मागे गेली असेल, म्हणजे बोर्ड किंवा त्याचा बायोस तयार झाला त्या सुमाराची दिसत असेल, तर सेल संपला आहे. इतकं स्पष्ट लक्षण दुसरं नाही. ब्राउझर सगळ्या साइटवर सर्टिफिकेटची चूक दाखवू लागतो, त्याचं कारणही हीच चुकलेली तारीख.

तारीख बरोबर पण विंडोजमधली वेळ बरोबर साडेपाच तास मागे असेल, तर सेलला हात लावू नका. त्या पीसीवर लिनक्सही टाकलेलं असतं. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि आपला फरक नेमका साडेपाच तासांचा आहे. यात सेटिंग उडत नाहीत. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की प्रश्न संपतो.

तारीख-वेळ दोन्ही अचूक, पण बूटचा क्रम मात्र बदललेला असेल, तर संशय ड्राइव्हवर किंवा तिच्या केबलवर घ्यायचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण हे प्रकरण सेल संपल्यासारखंच दिसतं आणि लोक उगाच सेल बदलत बसतात.

सेल का महत्त्वाचा, आणि गुरुवारीच का

भिंतीवरचा खटका चालू असतो तोवर पीसी बंद असला तरी एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय देत असतो. घड्याळाचं सर्किट तेव्हा त्यावर चालतं, सेलवर फारसा भार पडत नाही. त्यामुळे मेलेला सेलही महिनोन् महिने लपून राहतो. पाच-दहा मिनिटं लाइट गेली तर यूपीएस सांभाळून घेतो. पण घरगुती यूपीएस काही तास टिकत नाही. तो संपला की सगळा भार सेलवर येतो, आणि सेलमध्ये जीव नसला की घड्याळ थांबतं. पुन्हा वीज आल्यावर घड्याळाचा सप्लाय तुटला होता हे बोर्डाला कळतं आणि तो डिफॉल्ट सेटिंग भरतो. जे रोज रात्री भिंतीवरचा खटका बंद करतात त्यांना हा त्रास रोज सकाळी होतो, म्हणून त्यांचं निदान लवकर होतं.

नव्या बोर्डांत बऱ्याच सेटिंग फ्लॅश चिपमध्ये असतात, त्यांना टिकायला सेल लागत नाही. तरीही सप्लाय तुटल्याचं दिसलं की अनेक बोर्ड सावधगिरी म्हणून सगळंच डिफॉल्टवर नेतात. ‘माझा बोर्ड नवा आहे, त्याला सेलचा संबंध नाही’ हे म्हणूनच खरं नाही.

सेल सीआर२०३२ हा. आकड्यातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर२०२५ दिसायला तसाच पण पातळ असतो. तो होल्डरमध्ये सैल बसतो आणि धक्का लागला की संपर्क सुटतो. तो घेऊ नका. घेताना ब्लिस्टर पॅकमधला, पाकिटावर मुदत छापलेला, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, आणि शंभर रुपयांच्या आत काम होतं. दुकानात डब्यात सुटे, एकमेकांना चिकटलेले सेल असतील तर ते टाळा. धातूला धातू लागून ते आधीच उतरलेले असू शकतात.

बदलण्याआधी मोजून बघायला दोन मिनिटं लागतात. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. पीसीची पॉवर कॉर्ड पूर्ण काढा, नाहीतर स्टँडबाय सप्लायमुळे चुकीचा आकडा मिळू शकतो. सेल होल्डरमध्येच असू द्या, कारण तिथे त्याच्यावर खरा भार आहे. लाल प्रोब सेलच्या वरच्या, अधिक खुणेच्या सपाट बाजूवर टेकवा, काळी कॅबिनेटच्या रंग न लागलेल्या स्क्रूवर. नवा सेल ३.० ते ३.३ व्होल्ट दाखवतो. २.८ च्या खाली गेला असेल तर बदला. अडीचच्या आसपास असेल तर कारण सापडलं.

काढताना सेल वरून उपटायचा नसतो. होल्डरच्या कडेला पितळी किंवा स्टीलचा छोटा आकडा असतो. प्लॅस्टिकच्या काडीने तो सेलपासून बाहेरच्या बाजूला हलका ढकला, सेल स्वतः एका कडेने वर येतो. स्क्रूड्रायव्हरने सेलच्या खालून उचकायला गेलात तर खालची पट्टी वाकते, मग नवा सेलही नीट टेकत नाही आणि महिनाभरात तीच तक्रार परत येते. लांब ग्राफिक कार्ड असेल तर सेल बहुधा त्याच्या खालीच सापडतो; आधी स्लॉटच्या टोकाचं कुलूप दाबून कार्ड काढा. कॉर्ड काढल्यावर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. नवा सेल बसवताना अधिक खूण वर. काही छोट्या पीसींत आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये होल्डर नसतो, दोन वायरींचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सेल असतो. तो त्याच कनेक्टरचा घ्यावा लागतो. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका जळते, आणि वेळ फार थोडा असतो.

सेल बदलताना सेटिंग जाणारच. त्यामुळे आधी, पीसी चालू होत असेल तर, बायोसची बूट, स्टोरेज आणि ग्राफिक्सची पानं मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

ड्राइव्ह दिसते, पण बूट होत नाही

सेटिंग डिफॉल्टवर गेल्यावर ड्राइव्हच्या बाबतीत तीन गोष्टी बदलू शकतात आणि तिन्हींची लक्षणं वेगळी आहेत. तक्रार सांगताना लोक सरसकट ‘हार्ड डिस्क गेली’ म्हणतात. बायोसच्या स्टोरेजच्या पानावर ड्राइव्हचं नाव आणि क्षमता दिसत असेल तर ती बहुधा गेलेली नाही.

पहिली गोष्ट, सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करू देणारी बायोसमधली सोय. पूर्वी विंडोज लेगसी म्हणजे जुन्या बूट पद्धतीने, एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीच्या डिस्कवर टाकलेलं असेल तर त्याला सीएसएम चालू लागतं. नवे बोर्ड डिफॉल्टला ते बंद ठेवतात. मग स्टोरेजच्या पानावर एसएसडी दिसते, पण बूटच्या यादीत तिचं नावच नसतं. तात्पुरता उपाय म्हणजे सीएसएम चालू करणं. त्यासाठी बहुधा आधी सिक्युअर बूट (फक्त सही तपासलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सेटिंग) बंद करावं लागतं. मात्र इंटेलच्या ५०० मालिकेपासून पुढच्या चिपसेटवर, म्हणजे एच५१०, बी५६०, एच६१०, बी६६०, बी७६० अशा बोर्डांवर, नुसत्या ऑनबोर्ड (प्रोसेसरमधल्या) ग्राफिक्सवर चालवताना सीएसएम वापरता येत नाही. जुन्या पीसीची एसएसडी काढून नव्या एच६१० बोर्डाला लावली आणि बूटच होईना, ही तक्रार याच कारणाने येते. तिथे बायोसमध्ये शोधाशोध करून काही सापडणार नाही.

टिकाऊ उपाय म्हणजे डिस्क जीपीटी या नव्या पार्टिशन पद्धतीची करून विंडोज यूईएफआय या नव्या बूट पद्धतीवर नेणं. जुन्या बोर्डावर, विंडोज चालू असताना करायचं. रन बॉक्समध्ये एमएसइन्फो३२ लिहून ‘बायोस मोड’ समोर लेगसी आहे का बघा. असेल तर पूर्ण बॅकअप घ्या, आणि मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एमबीआर२जीपीटी हे विंडोजचंच साधन वापरा. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ते आत असतंच. आधी ‘व्हॅलिडेट’, ते पास झालं तरच ‘कन्व्हर्ट’. चालू विंडोजमधून करताना दोन्हींना ‘अलाउ फुल ओएस’ जोडावं लागतं. डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतील तर व्हॅलिडेट नापास होतं, एक कमी करावं लागतं. रूपांतर झाल्यावर रिस्टार्ट करून बायोसमध्ये सीएसएम बंद करायचं विसरू नका, नाहीतर लगेच बूट अडेल. यानंतर सेल कधीही संपला तरी नव्या बोर्डाचं डिफॉल्ट तुमच्या डिस्कला चालतं.

दुसरी गोष्ट, साटा मोड, म्हणजे बोर्ड ड्राइव्हशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते; आयडीई, एएचसीआय आणि रेड हे त्याचे प्रकार. लोगो दिसून निळी स्क्रीन येते आणि खाली ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं असतं तेव्हा हीच शंका घ्यायची. बरेच जुने बोर्ड डिफॉल्टला आयडीई मोडवर जातात आणि विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असतं. काही बोर्ड उलट रेडवर जातात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे व्हीएमडी नावाची सेटिंगही हाच घोळ घालते. विंडोज टाकताना ती चालू होती की बंद, तीच स्थिती परत द्यावी लागते. यातलं काय होतं हे माहीत नसेल तर एकेक करून बघता येतं: आधी एएचसीआय (व्हीएमडी बंद ठेवून), मग व्हीएमडी चालू, मग रेड. दर वेळी एकच बदल, सेव्ह, रिस्टार्ट. निळी स्क्रीन आली म्हणजे डेटा गेला असं नाही. विंडोजला त्या मोडचा ड्रायव्हर सुरुवातीला चढवता येत नाही, एवढंच. घाबरून विंडोज नव्याने टाकायला घेतलं तर मात्र डेटा खरंच जातो.

इथेही बोर्डाच्या डिफॉल्टकडे सरकता येतं. डिफॉल्ट एएचसीआय आहे आणि विंडोज रेडवर आहे असं असेल तर एमएसकॉन्फिगच्या बूट टॅबवर सेफ बूट, मिनिमल निवडा, रिस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग एमएसकॉन्फिगमधली टिक काढा. एवढ्यात ड्रायव्हर बसतो. खऱ्या रेडमध्ये दोन डिस्क जोडलेल्या असतील तर हे अजिबात करू नका.

तिसरी, बूटचा क्रम. यूईएफआय विंडोज असेल तर यादीत पहिलं ‘विंडोज बूट मॅनेजर’ हवं, ड्राइव्हचं नुसतं मॉडेल नाव नव्हे. डिफॉल्टला काही बोर्ड यूएसबी आधी बघतात, त्यामुळे मागे विसरलेला पेनड्राइव्ह किंवा टॅलीच्या बॅकअपची हार्ड डिस्क काढूनही बघा. एकदाच बूट करून खात्री करायची असेल तर बूट मेनू वापरा: असूसवर एफ८, गिगाबाइटवर एफ१२, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११.

या भागातला एक सापळा फार जणांना लागतो. जुनी हार्ड डिस्क जोडलेली ठेवून नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं की बूटचं छोटं पार्टिशन कधी कधी हार्ड डिस्कवर पडतं. वर्षानुवर्षं कळत नाही. हार्ड डिस्क म्हातारी झाली किंवा काढली की एसएसडी ठणठणीत असूनही बूट होत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडून १०० ते ३०० एमबीचं ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ कुठल्या डिस्कवर आहे ते आजच बघून ठेवा. चुकीच्या डिस्कवर असेल तर एसएसडीवर तसं पार्टिशन करून बीसीडीबूट या कमांडने बूटच्या फाइल तिथे लिहाव्या लागतात.

आणि यातलं काहीही बदलण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा आणि संरक्षण तात्पुरतं थांबवा. जुन्या बोर्डांवर डिफॉल्टला टीपीएम (हे कुलूप आपोआप उघडणारी सुरक्षेची सोय) बंद होतं, आणि पुढच्या वेळी विंडोज तीच की मागतं. की नसेल तर डेटा परत मिळवायचा मार्ग नाही.

पंखे फिरतात, मॉनिटर काळा

सगळ्यात आधी मॉनिटरची केबल मागे नेमकी कुठे लावली आहे ते हाताने चाचपून बघा. ग्राफिक कार्ड बसवलेलं असेल तर बहुतेक बोर्ड डिफॉल्टच्या ‘ऑटो’मध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्स बंद करतात. कार्डाची पोर्ट खाली आडव्या पट्टीवर असतात, बोर्डाची वर यूएसबीच्या शेजारी. केबल बोर्डावर असेल तर कार्डावर लावा. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

दोन मॉनिटर, एक कार्डावर आणि एक बोर्डावर, असा जोड असलेल्यांचा दुसरा मॉनिटर दर रिसेटनंतर काळा होतो. सेटिंगचं नाव कंपनीगणिक बदलतं: असूस आणि एएसरॉकवर ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’, एमएसआयवर ‘इंटिग्रेटेड ग्राफिक्स’ने सुरू होणारं मल्टी-मॉनिटर, गिगाबाइटवर ‘इंटर्नल ग्राफिक्स’. ते एनेबल करा. सुरुवातीची स्क्रीन कुठे दिसावी ते ‘प्रायमरी डिस्प्ले’ किंवा ‘इनिशियल डिस्प्ले आउटपुट’ ठरवतं. तिथे पीईजी किंवा पीसीआय एक्स्प्रेस म्हणजे कार्ड, आयजीएफएक्स किंवा आयजीडी म्हणजे ऑनबोर्ड. एएमडीवर ‘इंटिग्रेटेड ग्राफिक्स’ ऑटोऐवजी ‘फोर्स’ करावं लागतं. तिथेच यूएमए बफरचा, म्हणजे ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेल्या रॅमचा, आकार असतो. ८ जीबी रॅममध्ये तो २ जीबी ठेवलात तर विंडोजला ६ जीबीपेक्षाही थोडी कमी रॅम उरते. ऑफिसच्या कामाला ५१२ एमबी पुरतात.

मुळात प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का हेही तपासा. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर नाही. एएमडी रायझनच्या ५००० मालिकेपर्यंत डेस्कटॉपवर नावाच्या शेवटी ‘जी’ असलेल्यांतच आहे: ५६००जी मध्ये आहे, ५६०० आणि ५६००एक्स मध्ये नाही. ७००० मालिकेत ७५००एफ सारखे एफ सोडले तर छोटं ग्राफिक्स सगळ्यांत आहे. बोर्डाला एचडीएमआय पोर्ट असलं म्हणजे त्यातून चित्र येईलच असं नाही.

जुनं कार्ड आणि नवा बोर्ड ही जोडीही रिसेटनंतर अडते. जीफोर्स २१० सारख्या कार्डाला यूईएफआय समजत नाही. सीएसएम बंद झालं की त्यातून काहीच दिसत नाही. कार्ड काढा, ऑनबोर्डवर केबल लावा, आत शिरा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर तेवढ्यापुरतं कुणाचं तरी नवं कार्ड मागून आणावं लागेल.

चुकीच्या सेटिंगमुळे काहीच दिसत नसेल तर कॉर्ड काढून बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसच्या सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडा. असूसवर शेजारी सीएलआरटीसी, एमएसआयवर जेबीएटी१ असं छापलेलं असतं.

सेल चांगला आहे, तरी सेटिंग उडतात

मघाशी सोडलेली गोष्ट आता. घड्याळ बरोबर पण बूटचा क्रम बदलतो, तेव्हा बहुधा एखाद्या वेळी चालू होताना बोर्डाला ती ड्राइव्ह दिसलेलीच नसते. बोर्ड तिचं नाव यादीतून काढतो आणि पुढच्या वेळी ती दिसली की सगळ्यात शेवटी लावतो. साटा केबल बदला, ड्राइव्हच्या पॉवरचा कनेक्टर दुसरा वापरून बघा. एम.२ (बोर्डातच थेट बसणारी एसएसडी) असेल तर ती काढून पुन्हा बसवा आणि स्क्रू आहे ना ते पाहा. स्क्रूशिवाय अर्धवट उचललेली एसएसडी कधी दिसते, कधी नाही. बोर्डाचं मॅन्युअलही वाचा, कारण अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखादं साटा पोर्ट बंद पडतं. एवढं करूनही ड्राइव्ह गायब होत असेल तर बॅकअप घ्या आणि ड्राइव्ह बदला, थांबू नका.

रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) हे दुसरं कारण. रॅम त्या वेगाला एखाद्या वेळी अडली की काही फसलेल्या प्रयत्नांनंतर बोर्ड आपण होऊन डिफॉल्टवर जातो. एक्सएमपी आठवडाभर बंद ठेवा. तक्रार थांबली तर रॅमचा वेग एक पायरी कमी करून कायम करा. क्लिअर सीमॉसच्या पिनांवर कुणी जंपरची (पिना जोडणारी) टोपी तशीच ठेवलेली नाही ना, हेही टॉर्च मारून बघा. बायोस अपडेट केल्यावर सेटिंग आणि सेव्ह केलेली प्रोफाइल दोन्ही जाऊ शकतात, म्हणून अपडेट लोडशेडिंगच्या दिवशी करू नका आणि मोबाइलमधले फोटो पुसू नका.

उरतो तो एक प्रकार: नवा, चांगल्या कंपनीचा सेल काही महिन्यांतच २.८ च्या खाली येतो. घड्याळाला लागणारा करंट मायक्रोअ‍ॅम्पियरमध्ये असतो, आणि सेलची क्षमता २२० मिलिअ‍ॅम्पियर-तासांच्या आसपास, म्हणून एरवी तो तीन ते पाच वर्षं चालतो. इतक्या लवकर उतरतो तेव्हा बोर्डावर कुठेतरी करंटची गळती असते. पावसाळ्याच्या दमटपणात साचलेली धूळ हे त्यातलं सुधारता येण्यासारखं कारण: होल्डरच्या भोवती आणि चिपसेटच्या बाजूला मऊ ब्रश आणि ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तासभर सुकू द्या, नवा सेल घालून मोजा. तरीही उतरत असेल तर गळती चिपमध्ये आहे आणि तिच्या दुरुस्तीला बोर्डाच्या किमतीएवढा खर्च येतो. असा बोर्ड वापरत राहायचा असेल तर भिंतीवरचा खटका बंद करू नका, आणि डिस्क जीपीटी, मोड डिफॉल्टचाच, केबल कार्डावर अशी मांडणी करून ठेवा. मग दर गुरुवारी फक्त तारीख-वेळ चुकेल, ती तेवढी दुरुस्त करून घ्या.